सदाची माती

कुवेतमधली थंडी मला आधी कानांना कळते. आठ महिने अखंड घरघरणारा एसी नोव्हेंबरात एके दिवशी बंद होतो आणि इतके दिवस त्याच्या आवाजाखाली दडलेलं सगळं वर येतं. वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकते. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. कुणीतरी फोनवर ‘उसको मत बताना’ असं म्हणतं, आणि मी हातातला झारा तसाच धरून भिंतीजवळ सरकते. कुणाला नाही सांगायचं? काय नाही सांगायचं? परवा माझी लेक ऋता मला तशी उभी बघून म्हणाली, “ममा, यू आर डुइंग इट अगेन.” मी म्हटलं, भाजी लागतेय का ते ऐकत होते. भाजी फ्रिजमध्ये होती.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि धंदाही. इथल्या एका भारतीय शाळेत मी विज्ञान शिकवते, पण शाळेत माझं नाव आहे ते परीक्षेच्या वर्गावरच्या पहाऱ्यासाठी. मऊ तळव्यांच्या सँडल घालून मी बाकांमधून फिरते. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल, पट्टीची मागची बाजू, पायमोज्याची घडी, सगळं मला दिसतं. माझ्या वर्गात पोरं शिंकायचीसुद्धा परवानगी मागतात. आमचे हे पुण्याचे, शांत. ते म्हणतात, “तू पोलिसात हवी होतीस.” मी म्हणते, पोलिसांना तरी सुटी असते.

यंदाही थंडी आली. वफ्ऱ्याच्या रस्त्याला वाळवंटात तंबू उभे राहिले. सकाळी धुकं इतकं दाट असतं की समोरच्या इमारतीचे खालचे दोनच मजले दिसतात. पोरांच्या प्रीबोर्ड परीक्षांचं वेळापत्रक लागलं. मला हा मोसम मनापासून आवडायचा, म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत. आता पहिला गार वारा खिडकीतून आत आला की मला सदा आठवतो आणि तोंडाची चव जाते.

सदा माझा सख्खा धाकटा भाऊ. आम्ही कुडाळकडचे. बाबा गवंडी होते आणि सदानं त्यांच्याच हातची कला उचलली. मी सतराव्या वर्षी शिकायला पुण्याला गेले ती गेलेच, माझी मालवणीही तिथेच पातळ झाली. सदा मात्र गावातच चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंती बांधत राहिला, आणि बघता बघता गावाला त्या भिंती नकोशा झाल्या. सगळीकडे सिमेंट आलं. पंचेचाळिशीच्या सदाला काल मिसरूड फुटलेल्या सिमेंटवाल्या गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहायची पाळी आली. म्हणून तो दोन वर्षांच्या कंत्राटावर कुवेतला आला. जलीबच्या कामगारवस्तीत एका खोलीत सात जण राहायचे. शुक्रवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, दारात चपला काढून आधी पाय धुवायचा आणि माझ्या हातची बांगड्याची आमटी भुरके मारत प्यायचा.

कंत्राटाच्या दुसऱ्या थंडीत त्याला फैलका बेटावर पाठवलं. हे बेट कुवेतच्या समोरच समुद्रात आहे. कधीकाळी तिथे ग्रीक येऊन राहिले होते, त्यांच्यानंतर काही शतकांनी ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला, आणि तोही ओस पडून हजारएक वर्षं झाली. परदेशी लोकांचं एक पथक दर थंडीत येऊन तो मठ उकरतं. उकरलेल्या मातीच्या भिंती वाऱ्यापावसानं विरघळायला लागल्या, तेव्हा त्यांना मातीचं काम जाणणारा गवंडी हवा झाला. कंत्राटदाराकडे सिमेंटवाले पायलीचे पन्नास होते, मातीवाले मोजून चौघे. सदा त्यांतला एक. कंत्राटदारानं त्याला सांगितलं होतं, बेटावर तू पसंत पडलास तर पुढची तीन वर्षं दर थंडीत तिथलं काम तुझं, नाही तर मार्चमध्ये गावाकडे. सदानं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. कितीतरी वर्षांनी कुणालातरी त्याचा हात हवा होता. तिथे राहता आलं नाही तर गावी पुन्हा घमेलीच होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तो आठवडाभर बेटावर राहायचा, गुरुवारी बोटीनं परत यायचा. आणि जानेवारीच्या सुमारास माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली, कारण सदानं मासे सोडले.

“माका नको गो मासे. डाळभात आसा मां? तोच वाढ.”

“बरं नाही का?”

“बरा आसा.”

“मग?”

“असोच.”

कोकणातला माणूस ‘असाच’ मासे सोडत नाही. एक तर तो आजारी असतो किंवा काहीतरी लपवत असतो. त्याच आठवड्यात शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या केरळी बाईंनी डबा उघडला आणि सांगितलं, आमचा उपास सुरू व्हायचाय, ईस्टरपर्यंत मासे-मटण बंद. माझ्या हातातला घास हातातच राहिला. बेटावर मठ. मठात साधू. सदाला मासे बंद. मी दोन आणि दोन पाच केले आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं, “सदा बाटला.” हे म्हणाले, “हजार वर्षांपूर्वी मेलेल्या साधूंनी त्याला कसं काय बाटवलं?” मी म्हटलं, मेलेल्यांवर नको, जिवंतांवर लक्ष ठेवायला हवं. गावी आईला फोन केला तेव्हा मात्र ओठांवर आलेलं गिळलं. उगाच म्हातारीच्या जिवाला घोर.

मग ती पिशवी आली. निळी, कॅनव्हासची, जड. सदा ती खांद्यावरून उतरवताना दोन्ही हातांनी उतरवायचा. आमच्या बाल्कनीत चपलांच्या रॅकमागे, सावलीत, तो ती ठेवायचा आणि दर शुक्रवारी जेवण झालं की तिथे पाठमोरा बसून काहीतरी खुडबुड करायचा.

“काय आहे रे त्यात?”

“काय नाय गो. सांगतलंय मगे. तू फक्त हात लावू नको हां.”

हात लावू नको. मला, परीक्षेच्या वर्गात ज्या पोराचा हात खिशाकडे जातो त्याच्याकडे दुसरीकडे बघत चालत जाणाऱ्या मला, त्यानं हात लावू नको म्हणून सांगितलं. मी त्या रात्री हे ह्यांना सांगितलं नाही. संशय पिकायला ठेवावा लागतो, कच्चा बाहेर काढला की हे हसतात.

परदेशात राहून माणूस संशयी होतो, असं मला वाटतं, निदान मी तरी झाले. इथे आपण कागदावर राहतो. नोकरी आहे तोवर अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि अकामा आहे तोवर घर, शाळा, बाल्कनी. लिफ्टमध्ये कुणी जास्त गोड बोललं तरी मी मजला चुकवून उतरते. एक चूक, तीही आपली नव्हे, आपल्या घरात आलेल्या माणसाची, आणि सगळं बिऱ्हाड विमानात. ही भीती खोटी नव्हती. तिला मी माझी अक्कल समजत होते, इतकंच.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी प्रीबोर्डचा पहारा करून दुपारी लवकर घरी आले. घरात कुणी नव्हतं. मी सरळ बाल्कनीत गेले आणि पिशवी उघडली. आत अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे होते. पहिला सोडवला. हाताएवढा, चपटा, पिवळसर करडा, मधेमधे गवताच्या काड्या. भिंतीचा तुकडा. दुसराही तसाच. पंधरा-सोळा तुकडे असतील, प्रत्येकावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा, कशावर एक, कशावर चार. माल मोजून ठेवलेला! हजार वर्षांच्या मठाच्या भिंती फोडून माझा भाऊ माझ्या बाल्कनीत साठवतोय, आणि मार्चमध्ये जाताना बरोबर नेणार, किंवा कुणाला तरी देणार. विमानतळावर अशा गोष्टींसाठी कसं धरतात ते मी ऐकून होते. सदा तुरुंगात, हे कामावरून कमी, ऋताचं शाळेचं वर्ष अर्ध्यात.

मी ते सगळे तुकडे त्या निळ्या पिशवीसकट कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरले. वरवंट्यानं चेचलेसुद्धा, ओळखू येऊ नयेत म्हणून. वर भाजीची सालं टाकली आणि स्वतः खाली जाऊन म्युनिसिपालटीच्या मोठ्या कचरापेटीत टाकून आले. परत येताना जिन्यात मला फार हलकं वाटत होतं. मी माझं घर वाचवलं होतं.

शुक्रवारी सदा आला, पाय धुतले आणि बाल्कनीत गेला. चपलांचा रॅक सरकवल्याचा आवाज दोनदा आला. मग तो दारात येऊन उभा राहिला.

“ताई, माझी पिशवी खय गेली?”

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “परवा हारिस आला होता बाल्कनीचं गटार साफ करायला. त्यानं कचरा समजून नेली असेल.”

हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. आमचा हारिस शफीक, बांगलादेशातला, सरळ माणूस. गटार साफ करायला तो आलाच नव्हता.

सदाचा चेहरा पांढरा पडला. “माझे महिन्याभराचे...” एवढंच बोलून तो थांबला. मी मनात म्हटलं, महिन्याभरात एवढं चोरलं! त्याचा पडलेला चेहरा माझ्या लेखी कबुलीजबाब होता. तो खाली गेला. तासाभरानं परतला तेव्हा हाताला कचऱ्याचा वास येत होता. त्यानं साबणानं दोनदा हात धुतले आणि म्हणाला, “नाय गावली. जांवदे.” जेवला मात्र थोडंसंच.

त्याची ती शांतता मला बघवेना आणि पटेनाही. हा बेटावर नक्की करतो तरी काय, ते डोळ्यांनी बघायचंच, असं मी ठरवलं. तसं बोलूनही दाखवलं. मला वाटलं, तो टाळेल.

“तुका बघूचा आसा? मग चल उद्या. मी शनवारचो जातंयच.”

शनिवारी सकाळी साल्मियाच्या धक्क्यावरून आम्ही बोटीत बसलो. हे आणि ऋता आले नाहीत. धुकं समुद्रावर बसलेलं होतं, पाण्याला रंगच नव्हता. बोटीत दोन-तीन कुवेती कुटुंबं कोळसा आणि मांसाची खोकी घेऊन सहलीला निघाली होती. बोटीतल्या फलकावर लिहिलं होतं की ग्रीकांनी या बेटाला आपल्या समुद्रातल्या एका बेटाचं नाव दिलं होतं. मला वाटलं, घर सोडून आलेली माणसं सगळीकडे हेच करतात, आमच्या इमारतीत नाही का तीन फ्लॅटच्या दारावर कोकणातल्या गावांची नावं आहेत. सदा कठड्याला टेकून समोर बघत होता. मी त्याच्याकडे.

बेटावर उतरल्यावर आधी लागतं ते नव्वदच्या युद्धात रिकामं झालेलं गाव. भिंतींना गोळ्यांची भोकं, दारं नसलेल्या खोल्या, एका अंगणात उंट रवंथ करत बसलेला. इथून माणसं गेली ती परत राहायला आलीच नाहीत. मी प्रत्येक खिडकीत डोकावत होते. कुणी नव्हतं, तरी कुणीतरी असेलसं वाटत होतं. सदाच्या पथकाच्या पिकअपमधून आम्ही बेटाच्या मध्यावर गेलो. सपाट माळ, खुरटी झुडपं आणि एक तारेचं कुंपण. राखणदारानं सदाला सलाम केला. चोराला राखणदार असा सलाम करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मठ म्हणजे कमरेएवढ्या भिंती. त्यापलीकडे काही नाही. तुळई नाही, घंटा नाही, आकाश मात्र भरपूर. सदा पुढे चालत एकेक दाखवत होता. हे देऊळ. ही रांधपाची खोली. ही भट्टी, हिच्यात पाव भाजत. आणि ह्या साधूंच्या खोल्या. त्या खोल्या इतक्या लहान आणि इतक्या अंतराअंतरानं होत्या की मला बोर्डाची बैठकव्यवस्था आठवली. मी मनातल्या मनात शोधत होते, कुठे फोडलंय, कुठे ताजी खोक आहे. सगळ्या कडा जुन्या, वाऱ्यानं गोल झालेल्या. एकाही भिंतीला नवी जखम नव्हती.

“मग गेले कुठे हे साधू?” मी विचारलं.

“कोणाक म्हायत! पण जाताना काय मोडूक नाय हां. भट्टीसुदा झाकून गेले.”

मग तो मला कुंपणाच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे एक नवी भिंत होती, छातीएवढी, चाचणीसाठी बांधलेली. तिच्यावर चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनात वेगळं लिंपण. एक तडकलेलं, एक फुगलेलं, एक बरं. प्रत्येकाखाली गवंड्याचं नाव. आणि उजवीकडचा एक चौकोन कोरा.

“हा कुणाचा?”

“तो माझो.”

सदा उकिडवा बसला आणि प्रथमच सगळं बोलला. पथकातली आर्किटेक्ट बाई महिनाअखेरीस परत जाणार होती. त्याआधी प्रत्येक गवंड्यानं आपली माती द्यायची, ती पाण्याखाली धरून बघायची, जिची टिकेल त्याला पुढचं काम. बेटावरचीच माती, वफ्ऱ्याच्या शेतांतून आणलेला खजुरीच्या सालीचा काथ्या, जनावरांच्या चाऱ्यातला भुसा. अम्गराच्या भंगारबाजारातून त्यानं चाळण आणली होती. काथ्या किती, भुसा किती, याच्या सोळा वड्या केल्या होत्या, रेघा त्याच्या खुणेच्या. बेटावर खारा दमट वारा, जलीबच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. वड्या महिनाभर सावलीत सुकवायला त्याला एकच जागा सुचली, ताईची बाल्कनी.

“मग मला सांगितलं का नाहीस?” माझा आवाज मला परका वाटला.

“बाबा काय सांगत? देवळाची माती सुकेपर्यंत तिचा नाव काढूचा नाय आणि मासळी खावची नाय.”

“पण हे आपलं देऊळ नाही रे.”

“देवाचा काम ता देवाचा काम. खयच्या देवाचा, ता आपण कित्याक इचारूचा?”

मी खाली बसले. बाबा शेजारच्या गावात देवळाचं काम करायचे तेव्हा चार-चार महिने मासे खात नसत. आई आमच्यासाठी सुकट भाजायची ती मागच्या पडवीत, वाऱ्याची दिशा बघून, बाबांना वास जाऊ नये म्हणून. मी त्या पडवीत बसून सुकट खाल्ली होती. मला हे ठाऊक होतं. जगात ज्या दोन-चार माणसांना सदाचं मासे सोडणं बघताक्षणी कळायला हवं होतं, त्यांतली मी एक होते, आणि मी केरळी बाईंच्या डब्यावरून माझ्या भावाचा धर्म ठरवला.

तरीही तिथे, त्या कोऱ्या चौकोनासमोर, मी गप्प राहिले. अशी मी आहे. कबूल केलं ते संध्याकाळी धक्क्यावर, परतीची बोट लागल्यावर, जेव्हा तो राहणार होता आणि मी निघणार होते.

“सदा, ती पिशवी मीच टाकली. मला वाटलं तू भिंतीचे तुकडे चोरलेस.”

“म्हायत आसा.”

“कसं?”

“शफीकान सांगल्यान. बिचारो तासभर माझ्यावांगडा कचऱ्यात हात घालून होतो. मगे हळूच म्हणालो, दादा, थैली मॅडम खुद लाया था. वर माझीच माफी मागूक लागलो. तेका भीती, तू तेची कंप्लेंट करतलंस.” सदा समुद्राकडे बघत होता. “माका चोर समजलंस, ता समजलंस. मी तुझो भाव. पण तेच्यार कित्याक ढकललंस गो?”

बोटीत मी तोंडावर ओढणी घेऊन रडले. समोरच्या कुवेती आजीबाईंनी न विचारता मला खजूर दिला, आणि सवयीनं मी तो उलटून बघितला.

शफीकची मी माफी मागितली. तो “कोई बात नहीं मॅडम” म्हणाला आणि त्यानंतर लिफ्टऐवजी जिन्यानं जाऊ लागला. सदानं बेटावर नव्या वड्या केल्या, घाईनं, उन्हात सुकवून. पाण्याखाली धरल्यावर त्या तडकल्या. काम राजस्थानच्या एका गवंड्याला मिळालं. सदा म्हणाला, त्याचीही माती चांगली आहे. मार्चअखेरचं तिकीट निघालं. आता तो गावात दुसऱ्याची घमेली वाहतो. फोनवर कधी तक्रार करत नाही, आणि थंडीत मला त्याचा फोन नको वाटतो.

पण त्या बोटीच्या दिवसापासून तो जाईपर्यंत मध्ये पाच शुक्रवार होते. सदा प्रत्येक शुक्रवारी जेवायला आला. पहिल्या शुक्रवारी आल्या आल्या, चपला काढायच्याही आधी, त्यानं खांद्यावरची झोळी जेवणाच्या टेबलावर ठेवली, तिचं तोंड पूर्ण उघडलं, दोन्ही बाजू हातानं फाकवून ठेवल्या आणि मग पाय धुवायला गेला. आत एक टॉवेल, पाण्याची बाटली, बिड्यांचं बंडल. दुसऱ्या शुक्रवारीही तेच. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वडीलधाऱ्यांच्या घरी गेल्यावर पाया पडावं तसं तो ते करायचा. तिसऱ्या शुक्रवारी मला सहन होईना. मी म्हटलं, “बंद कर ना रे ती.”

“रवांदे गो,” सदा टॉवेलनं पाय पुसत म्हणाला. “तुका बरा वाटता.”

तो हात धुवायला आत वळला, आणि मी झोळीत बघितलं.